चिपनडेल, हेपलव्हाइट की शेरेटन: सागवानी खुर्च्यांसाठी नमुना कुठून घ्यावा?

बेळगावच्या कॅम्पातल्या जुन्या बंगल्यांत दिसतात तशा धाटणीच्या सहा खुर्च्या करून घ्यायच्या, लाकूड खानापूरकडचं सागवान, असं ठरलं की चिपनडेल, हेपलव्हाइट आणि शेरेटन या फर्निचरकारांची अठराव्या शतकातली तीन इंग्रजी नमुन्यांची पुस्तकं समोर येतात. तिन्ही आज नेटवर फुकट मिळतात. पण बडिगेराच्या, म्हणजे सुताराच्या, हातात नुसती प्रिंट दिली तर काम अडतं. ही चित्रं गिऱ्हाइकाला पसंतीसाठी काढलेली. कूस (खाचेत बसणारं लाकडाचं टोक) किती जाड, खाच किती खोल, हे त्यांवरून कळत नाही. ते आपणच ठरवावं लागतं.

चिपनडेलचं पुस्तक १७५४ चं. १७६२ च्या तिसऱ्या आवृत्तीत २०० चित्रपानं आहेत. देखणेपणात याला तोड नाही, पण खर्चही याचाच जास्त. बाकदार पाय काढायला ३ × ३ × १८ इंचांचा ठोकळा लागतो, तर सरळ पाय पावणेदोन इंची चौरस तुकड्यातून निघतो. म्हणजे लाकूड जवळजवळ तिप्पट, आणि त्यातलं बरंचसं तासून जाणार. त्यात सागवानातली सिलिका पटाशीची धार लवकर मारते, म्हणून नक्षीची मजुरी वाढते. खुर्च्या तिरक्या कोनातून काढल्या आहेत. बैठकीची खोली चित्रावर पट्टी ठेवून मोजू नका. चिपनडेलच हवा असेल, तर त्याच पुस्तकातल्या चिनी धाटणीच्या सरळ पायांच्या खुर्च्या घ्या.

हेपलव्हाइटचं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, १७८८ मध्ये, पत्नी अ‍ॅलिसने काढलं. त्याची खरी किंमत मापांत आहे: पुढची रुंदी २० इंच, बैठकीची खोली १७, चौकटीची उंची १७, एकूण उंची सुमारे ३७ इंच. वर इंचभराची गादी टाकली की आजच्या ३० इंची जेवणाच्या टेबलाला ती बरोबर बसते. मात्र त्याची प्रसिद्ध ढालीच्या आकाराची पाठ टाळा. ढाल बैठकीला टेकतच नाही, सगळा भार मागच्या दोन खांबांवर येतो. वळणावर लाकडाच्या रेषा आडव्या तुटतात आणि कुणी मागे रेलून बसलं की नेमकी तिथेच चीर जाते.

शेरेटनचं पुस्तक १७९१ पासून भागाभागांनी निघालं. सुरुवातीला भूमिती आणि यथार्थदर्शन (पर्स्पेक्टिव्ह) शिकवतं, त्यामुळे चित्र वाचायला याच्याइतकी मदत दुसरं करत नाही. पाठ चौकोनी, आत उभ्या पट्ट्या. सरळ रेषांच्या सागवानाला याहून योग्य आकार नाही. याच्या कातीव पायांना लेथवरचा चांगला कारागीर हवा.

आमचं मत स्पष्ट आहे: मापं हेपलव्हाइटची, पाठ शेरेटनची, पाय चौकोनी निमुळते. पाय वर पावणेदोन इंच, तळाशी १ इंच ठेवा. उतार फक्त आतल्या दोन बाजूंना द्या आणि तो चौकटीच्या पट्टीखालून सुरू करा. वरूनच तासलं तर सांध्यात फट राहते. पुढे २० आणि मागे १६ इंच धरले, तर बाजूच्या पट्ट्यांची कूस जवळपास ७ अंश तिरकी येते. बहुतेक खुर्च्या इथेच बिघडतात, म्हणून बैठकीचा आराखडा प्लायवर पूर्ण मापात काढून कोन त्यावरूनच उचला.

सागवान तेलकट असतं. कूस ताजी तासून, थिनरने पुसून लगेच फेव्हिकॉल लावा, नाहीतर सांधा वरवरच धरतो. कणकुंबीच्या पावसात ओल धरलेलं लाकूड जुलैत जोडलं, तर मार्चच्या उन्हात कूस आकसते आणि खुर्ची कुरकुरते. ओल १२ टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय कापू नका. अथणीसारख्या कोरड्या भागात खुर्ची जाणार असेल तर १० पर्यंत उतरू द्या. सागवान असो वा शिसवी, पावती आणि जंगल खात्याचा पास बघूनच घ्या.

सहाचं लाकूड कापण्याआधी सिल्व्हर ओकची एक खुर्ची जोडून, घरातल्या सगळ्यात वजनदार माणसाला तिच्यावर बसवून बघा. पाठीचा कलही तेव्हाच ठरवा.