लग्नाला प्लायमाउथ भाड्यानं घेतली, तीन चाकं प्लायमाउथची आणि चौथं डॉजचं

आधी स्टार सांगून टाकतो. गाडीला पाचपैकी पाच. भाड्यानं देणाऱ्याला दोन, त्यातला एक आमच्या आप्पांनी "राहू दे रे, बिचारा" म्हणल्यामुळं. नाव टाकत नाही, सोलापूर गाव ते केवढं, उद्या कुणाच्या तरी लग्नात शेजारी पंगतीला बसायचा माणूस.

तर अक्काच्या पोराचं लग्न होतं मे महिन्यात. पोरगं पुण्यात आयटीत, त्याच्या डोक्यात बसलेलं की परण्याला, म्हणजे नवरदेवाच्या वरातीला, घोडा नको, ती फुलं चिकटवलेली पांढरी इनोव्हा पण नको, जुनी विंटेज गाडीच पाहिजे. मामा म्हणून काम माझ्या गळ्यात. एका ओळखीच्यानं नंबर दिला, फोन लावला तर समोरचा म्हणाला प्लायमाउथ आहे, १९५४ चं मॉडेल, चार तासाचे अठरा हजार, पाच हजार डिपॉझिट, ड्रायव्हर आमचा पेट्रोल तुमचं. घासाघीस करून सोळावर आणला. घरी येऊन प्लायमाउथ म्हणल्याबरोबर लोळत पडलेले आप्पा उठून बसले. कारण आमचे आज्जा नवी पेठेतल्या एका कापडवाल्या शेठकडं ड्रायव्हर होते आणि शेठची गाडी प्लायमाउथ. आप्पा लहानपणी त्या गाडीच्या बोनेटवरचं जहाज पुसायचे, आठवड्याला चार आणे मिळायचे. हे मी जन्मापासून ऐकतोय, गाडी मात्र कधी बघितली नव्हती.

सकाळी आठला येणार होती, आली सव्वानऊला. ड्रायव्हर म्हणजे विशीतलं पोरगं, गळ्यात इअरफोन. पण गाडी बघितल्यावर उशीर विसरलो राव. बिस्किटी रंग, गोलमटोल बांधा, पत्रा असा की बोटानं टकटक केलं तर तिजोरीसारखा आवाज. पुढं सोफ्यासारखी सलग सीट, तिघं मोठी माणसं आरामात. गिअर खाली नाही, स्टिअरिंगच्या दांडीवर. आणि बोनेटवर ते जहाज, पितळी दिसायला लागलंय कारण वरचं क्रोम गेलंय. मेफ्लॉवर म्हणून जहाज होतं, १६२० साली इंग्लंडहून लोक घेऊन अमेरिकेला गेलेलं, ती मंडळी जिथं वसली ते गाव प्लायमाउथ, त्यावरनं नाव. दुसरा किस्सा असा सांगतात की नाव ठरवताना कुणीतरी म्हणलं, प्लायमाउथ नावाची सुतळी प्रत्येक शेतकऱ्याच्या घरात असती, तेच ठेवा, लगेच तोंडात बसंल. मला सुतळीवालाच किस्सा जास्त खरा वाटतो, गाडी शेवटी मध्यम माणसाला विकायची होती.

नवरदेव फेटा बांधून आत बसला आणि इथं मला गाडी पहिल्यांदा आवडली. इनोव्हात बसताना फेटेवाल्याला मान वाकडी करावी लागती, तुरा छताला घासतो, इथं फेटा तुऱ्यासकट आत गेला आणि वर बोटभर जागा शिल्लक. हे असंच झालेलं नाही. त्या काळात प्लायमाउथ बनवणाऱ्या क्रायस्लर कंपनीचे मुख्य केलर म्हणून होते, त्यांचं म्हणणं माणसाला डोक्यावर हॅट ठेवून गाडीत बसता आलं पाहिजे. म्हणून छत उंच, गाडी आखूड, दिसायला जरा डबा. अमेरिकन लोकांना तोपर्यंत लांब बुटकी पसरट गाडी आवडायला लागली होती, त्यामुळं वर्षानुवर्षं तिसऱ्या नंबरला बसलेली प्लायमाउथ १९५४ ला घसरली, ब्युईक आणि ओल्ड्समोबिल पुढं निघून गेल्या. तिकडं हॅट गेली, आमच्याकडं फेटा आहे अजून. केलर साहेब सोलापूरला आले असते तर त्यांचा सत्कार केला असता आपण.

तिसरा नंबर म्हणजे काही साधी गोष्ट नाही हां. वॉल्टर क्रायस्लरनं १९२८ च्या जुलैत ही गाडी काढली ती सरळ फोर्ड आणि शेव्हरलेटच्या अंगावर सोडायला. स्वस्तातली गाडी, पण चारी चाकांना हायड्रॉलिक ब्रेक. फोर्डला ते द्यायला १९३९ उजाडलं, विचार करा. मग १९३१ ला इंजिन रबराच्या गाद्यांवर बसवलं, फ्लोटिंग पॉवर म्हणायचे, त्यामुळं चार सिलिंडर असून थरथर कमी. आणि तेव्हा अमेरिकेत मंदी, लोक भाकरीच्या रांगेत उभे, बाकीच्या कंपन्या बसल्या आणि ही वर आली, कारण क्रायस्लरवाला, डॉजवाला, डिसोटोवाला, सगळे एकाच कंपनीचे, तिघंही आपापल्या दुकानात प्लायमाउथ विकायचे. एक माल, तीन काउंटर. पुढं हीच गोष्ट उलटली, ते सांगतो, आधी परण्या निघू द्या.

निघायच्या आधी मी मोबाईलवर गाडीभोवती फिरून व्हिडिओ काढला, सवय आहे मला, भाड्याची बाईक घेतली तरी काढतो. काढताना दिसलं की तीन चाकांच्या व्हीलकॅपवर प्लायमाउथ आणि मागच्या डाव्या चाकावर डॉज. ड्रायव्हरला विचारलं तर तो म्हणाला मला काय माहीत ओ. मालकाला फोन लावला. "एकच की ओ ते, कंपनी एकच." मला वाटलं उडवून लावतोय. तर आप्पा म्हणाले बरोबर बोलतोय तो.

आणि खरंच बरोबर होतं. या गाड्या आपल्याकडं बनवल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सनं, मुंबईत कुर्ल्याला, क्रायस्लरशी करार करून. आणि प्रीमियर काढली कुणी तर वालचंद हिराचंदनी, १९४४ ला. जन्म १८८२, गाव सोलापूर! अशोक चौकातनं रोज जाता येता वालचंद कॉलेजची पाटी वाचतो आपण, पोरांना विचारा वालचंद कोण, म्हणतील कॉलेजवाले. अरे, आधी रेल्वेची कंत्राटं घेतली, मग जहाजाची कंपनी काढली, विमानाचा कारखाना बेंगळुरूला काढला, साखर कारखाना काढला आणि वर मोटारी. डॉज किंग्जवे, प्लायमाउथ सॅव्हॉय, डिसोटो डिप्लोमॅट, नावं तीन, पण गाडी एकच. पुढची जाळी वेगळी, नावाची पट्टी वेगळी, बाकी दार, काच, इंजिन, व्हीलकॅपची मापं, सगळं सारखं. आप्पा म्हणाले शेठच्या गाडीला सुद्धा आज्जांनी डॉजचा आरसा बसवला होता, शेठला सहा महिने कळलंच नाही.

तर निघालो नवी पेठेतनं. मारुतीला जाऊन नारळ फोडला, पार्क चौक ओलांडला, बँड पुढं, आम्ही मागं पायी आणि गाडी आमच्या चालीनं फर्स्टमध्ये रांगत. उन्हाचं काय सांगू, साडेदहालाच डांबर चपलेला चिकटायला लागलं. सात रस्त्याला आलो आणि गाडी बंद. स्टार्टर फिरतोय, इंजिन घेत नाही. मागं सिटी बस, रिक्षा, हॉर्नचा नुसता कालवा. ड्रायव्हर पोरगं स्टार्टर मारून मारून बॅटरी संपवायला निघालेलं. मालकाला फोन, उचलत नाही. आणखी एक फोन, स्विच ऑफ! बँडवाले तेवढ्यात थांबले आणि तंबाखू मळायला लागले. नवरदेवाचा मित्र येऊन म्हणतो, "काय बे मामा, इनोव्हाच बरी होती की." मामाला बे म्हणतंय ते, एवढी वेळ आली.

आप्पांनी पोराला खाली उतरवलं. वय शहात्तर, गुडघे गेलेले, पण बोनेट उचललं. इंजिन बघून मला बरं वाटलं, आजकालच्या गाडीत प्लास्टिकच्या झाकणाशिवाय काय दिसत नाही, इथं सहा सिलिंडर ओळीत, सहाही प्लग वर डोक्यावर एका रांगेत, खांबावरच्या कावळ्यांसारखे. आप्पांनी हात खाली घालून पेट्रोल पंप चाचपला आणि झटक्यात हात काढला. "तापलाय. पेट्रोलची वाफ झालीय नळीत, पाणी आणा." कुणीतरी बिसलेरी दिली. आप्पांनी खांद्यावरचा पंचा ओला केला, पिळला आणि पंपाला गुंडाळला, वरनं थोडं थोडं पाणी सोडत राहिले. सगळी वरात गप्प. दहा मिनिटांनी स्वतः सीटवर बसले, किल्ली फिरवली, आणि घेतली हो गाडीनं. बँडवाल्यांनी तंबाखू थुंकून काय वाजवलं तेव्हा!

आता याच्यात गाडीला दोष नाही. त्या काळातल्या कुठल्याही कार्बोरेटरवाल्या गाडीला मे महिन्यात बँडच्या मागं चालवली तर हे होणारच. दोष भाड्यानं देणाऱ्याचा, सोळा हजार घेतो तर ड्रायव्हरला एवढं शिकवायला नको? आप्पांनी मग पुढं गाडी सोडलीच नाही. गिअरची दांडी आपल्याकडं ओढून खाली म्हणजे पहिला, पलीकडं ढकलून वर म्हणजे दुसरा, सरळ खाली तिसरा, रिव्हर्स आपल्याकडं ओढून वर. मी शेजारी बसून बघत होतो, हात आपोआप जात होता त्यांचा. आसरा चौकापर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

मंगल कार्यालयात जेवण झाल्यावर पोरांना मी पुढची कहाणी सांगितली, कारण सगळे विचारायला लागले, एवढी चांगली गाडी तर कंपनी गेली कुठं. १९५७ ला केलर साहेबांचा डबा मोडीत काढून मागं मोठे पंख लावलेली गाडी आणली, जाहिरात अशी की बघता बघता १९६० आलं. दिसायला जबरदस्त, खप पण झाला, पण घाईत बनवलेली, लवकर गंजली आणि नाव खराब झालं. नंतर १९६० पासनं डॉजवाल्यांना डार्ट नावाची स्वस्त गाडी दिली, ती बरोबर प्लायमाउथच्या किमतीला. म्हणजे घरातल्याच भावानं समोर टपरी टाकली. मधे दिवस बरे आले, बॅराकुडा तर फोर्ड मस्टँगच्या दोन आठवडे आधी आणली होती, नाव मात्र मस्टँगचं झालं. रोड रनर नावाची गाडी काढली तेव्हा कार्टूनमधल्या पक्ष्यासाठी वॉर्नर ब्रदर्सला पन्नास हजार डॉलर मोजले आणि हॉर्न त्याच्यासारखा बीप बीप वाजायचा. पोरांना तेवढंच आवडलं.

मग तेलाचे भाव चढले, प्लायमाउथची व्होलारे गाडी गंजली, क्रायस्लर बुडायला आली आणि सरकारनं दीड अब्ज डॉलरच्या कर्जाची हमी दिली तेव्हा वाचली. वाचली ती साध्या गाड्यांवर. पण प्लायमाउथ रिलायंट आणि डॉज एरीज, प्लायमाउथ व्हॉयेजर आणि डॉज कॅरॅव्हॅन, जोडीजोडीनं तोच माल. शेवटी शेवटी तर नाव बदलायचे पण कष्ट नाही घेतले, डॉज निऑन आणि प्लायमाउथ निऑन. गिऱ्हाइकानं प्लायमाउथच का घ्यावी याचं उत्तर दुकानदाराकडं पण नव्हतं. १९९८ ला जर्मन डाइमलरबरोबर एकत्र आले, दुसऱ्या वर्षी जाहीर केलं की प्लायमाउथ बंद, आणि २८ जून २००१ ला इलिनॉयमध्ये बेल्व्हिडिअरच्या कारखान्यातनं शेवटची निऑन बाहेर पडली. ७३ वर्षं. तिन्ही काउंटरवर एकच माल विकून वर आलेली गाडी, त्याच काउंटरवर तोच माल दुसऱ्या नावानं ठेवल्यामुळं गेली.

आता डिपॉझिट. संध्याकाळी मालक स्वतः आला, फोन का बंद होता तर म्हणे चार्जिंग. सात रस्त्याचं सांगितलं तर म्हणे असं होत नाही कधी. गाडीभोवती एक चक्कर मारली आणि मागच्या डाव्या चाकापाशी थांबला. "हे काय? डॉजचं लावलंय तुम्ही. माझं प्लायमाउथचं कुठंय?" दोन हजार कापणार म्हणाला. सकाळी एकच होतं, संध्याकाळी वेगळं झालं! मी व्हिडिओ काढून समोर धरला, वेळेसकट. बघितला, परत बघितला, मग म्हणाला बरं मग पोरानंच कुठंतरी बदललं असंल. फुलांच्या टाचण्यांनी ओरखडा पडला म्हणून पाचशे कापलेच शेवटी, मी भांडणार होतो, तेव्हाच आप्पांचं ते "बिचारा" आलं.

घ्यायची असेल तर डिसेंबरात घ्या, गाडी चालती ठेवा, बँडला पुढं पळवा. व्हिडिओ काढा, चारी चाकं येऊ द्यात. पाण्याच्या दोन बाटल्या आणि एक जुना पंचा सोबत ठेवा. आमचा पंचा पंपावरच राहिला, दोनदा फोन केला त्याला, अजून आणून दिलेला नाही.