हायमध्ये खरं, लोमध्ये खोटं: जिप्सीची ट्रान्सफर केस घेताना मी कसा फसलो

गेल्या वर्षी फेब्रुवारीत मी माझ्या मारुती जिप्सी किंगसाठी ६२,००० रुपये मोजून एक ट्रान्सफर केस घेतली. ट्रान्सफर केस म्हणजे गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणारी पेटी; तिच्यात रस्त्यासाठी हाय आणि अवघड वाटेसाठी लो असे दोन गिअर असतात. आत ४.१६चा गिअर सेट बसवलेला आहे, असं सांगून ती मला विकली. म्हणजे लोमध्ये ४.१६ फेरे आत गेले की बाहेर एक फेरा; हा आकडा, म्हणजे रेशो, जितका मोठा तितकी गाडी हळू आणि जोर जास्त. प्रत्यक्षात आत निघाले जुन्या ९७० सीसीच्या जिप्सीच्या, म्हणजे ४१० मॉडेलच्या, रेशोचे झिजलेले गिअर. हे कळायला मला साडेतीन महिने लागले. कसं फसवलं ते मी मुद्दाम खोलात सांगणार आहे, कारण ही युक्ती अशी आहे की गाडीतलं कळणारा माणूसही तिच्यात सापडतो.

आधी मला ही केस का हवी होती ते सांगतो. जिप्सी जेमतेम टनभर वजनाची, चढायला हलकी, अरुंद वाटेने कुठेही जाणारी. पण तिचं १.३ लिटरचं एमपीएफआय इंजिन वर फिरल्याशिवाय ताकद देत नाही. १०३ न्यूटन मीटरच्या आसपासचा टॉर्क, तोही ४५०० आरपीएमला. दगडांच्या चढावर तुम्ही ४५०० आरपीएमला नसता, हजार-बाराशेवर असता. तिथे गाडी मरू नये म्हणून आपण काय करतो? अर्धा क्लच धरतो. मग वास येतो, आणि वर्षभरात क्लच प्लेट बदलावी लागते. माझ्या दोन प्लेटा अशाच गेल्या.

किंगच्या ट्रान्सफर केसमध्ये हायचा रेशो १.४०९ आणि लोचा २.२६८ असतो. पहिला गिअर ३.६५२चा. लो आणि पहिला यांचा गुणाकार केला तर फोर-लो (चारही चाकांना ताकद, ट्रान्सफर लोमध्ये) पहिल्यात ८.२८ येतात. अ‍ॅक्सलचा रेशो आपण बदलत नाही, तेव्हा तुलनेपुरता तो बाजूला ठेवू. लो ४.१६ केला की हाच आकडा १५.२ होतो. म्हणजे इंजिन तेवढंच फिरत असताना गाडी जवळपास निम्म्या वेगाने सरकते आणि चाकाला पावणेदोन पटीहून जास्त जोर मिळतो. उतारावर ब्रेकला पाय न लावता गाडी इंजिनावर धरून राहते. माझ्यासाठी तर हाच सगळ्यात मोठा फायदा होता, कारण भोर तालुक्यात मित्राच्या शेताकडे जाणारा जो ओढा आहे, त्याचा उतार ओला असला की ब्रेक लावणं म्हणजे घसरणं.

अ‍ॅक्सलचे गिअर बदलायचा विचारही केला होता. पण पुढचा आणि मागचा दोन्ही बदलावे लागतात, दोन्हींचा रेशो तंतोतंत जुळावा लागतो आणि हायवेवर गाडी कायमची ओरडत राहते. ६ च्या पुढचे लो सेटही मिळतात. ते निव्वळ दगडांवर चालवणाऱ्यांसाठी. इतका मोठा आकडा घेतला की जोर एवढा वाढतो, की आधी केसचे रबर माउंट फाटतात, मग चाकांकडे ताकद नेणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टचे जॉइंट आणि पुढच्या अ‍ॅक्सलचे सीव्ही जॉइंट (चाक वळलेलं असतानाही ते फिरवणारे) जातात. चिखलात तर कमी गिअरिंगचा उपयोगच होत नाही, तिथे चाकाला वेग लागतो. भातखाचरातून गाडी काढायची तर मी आजही फोर-हाय दुसऱ्यात काढतो. हे सगळं धरून ४.१६ मला बरोबर मधला वाटला, आणि आजही वाटतो. निवड चुकली नव्हती.

जिप्सीची ट्रान्सफर केस गिअरबॉक्सला चिकटलेली नसते. गाडीच्या मध्यावर ती स्वतंत्र टांगलेली असते आणि गिअरबॉक्समधून एक छोटा शाफ्ट तिच्यात येतो. म्हणून ती उतरवून दुसरी चढवणं एका दिवसाचं काम. या सोयीमुळेच जुन्या केसचा बाजार एवढा चालतो. नवी जिप्सी मिळत नाही, भंगारातल्या गाड्या कमी होत चालल्यात आणि ४.१६चा सेट परदेशातून मागवायचा तर कस्टम ड्यूटी धरून तो केसपेक्षा महाग पडतो. अशा वेळी कोणी ‘सेट बसवून तयार केस आहे, काढायची आणि लावायची’ म्हणाला की माणूस हुरळतो. मी हुरळलो.

विक्रेता जुन्या फोर बाय फोरचे सुटे भाग विकणारा. नाव लिहीत नाही, प्रकरण सुरू आहे. फोनवर माणूस जाणकार वाटला. त्याने मला १.४०९, २.२६८ हे आकडे तोंडपाठ सांगितले. ‘दादा, तुमची हाय १.५८ होईल, तिथेही जोर बारा टक्के वाढेल. मोठे टायर आहेत ना तुमचे? मग तर सोन्याहून पिवळं,’ असं म्हणाला. माझे टायर २३५/७५ आर १५ आहेत, हे मी त्याला आधीच सांगून बसलो होतो. त्याने चकचकीत नव्या गिअरचे फोटो पाठवले. केसचा व्हिडिओ पाठवला, त्यात इनपुट फ्लँज (गिअरबॉक्सकडून येणारा शाफ्ट जिथे जोडतात ती चकती) हाताने फिरवून दाखवला. तो व्हिडिओ हायमधला होता. तेव्हा माझ्या ते लक्षात आलं नाही.

केस ट्रान्सपोर्टने आली. बाहेरून सिल्व्हर रंग मारलेली, सांध्यातून लाल सिलिकॉन जरासं बाहेर आलेलं. प्रत्येक बोल्टवर पिवळ्या रंगाचा टिपका होता. सोबत चिठ्ठी: सील तुटल्यास वॉरंटी नाही.

माझं काम करणारे मिस्त्री साठीच्या घरातले. जिप्सी १९८५ साली आली तेव्हापासून त्यांचे हात तिला लागलेत. त्यांनी केस बाकावर ठेवली, फ्लँज हलवून बघितला आणि म्हणाले, ‘साहेब, झाकण काढून एकदा आत बघू. तासाभराचं काम.’ मी म्हणालो, ‘नको काका, वॉरंटी जाईल.’ ते परत काही बोलले नाहीत. त्यांनी केस चढवली.

आता लबाडी कुठे होती ते बघा. ४.१६च्या सेटमध्ये हायचा रेशो १.५८ होतो. आणि जुन्या ४१०च्या केसमध्येही हायचा रेशो १.५८०च असतो! कारखान्यातून तसाच यायचा, कारण ते इंजिन लहान होतं. फरक फक्त लोमध्ये: ४१०चा लो २.५११. म्हणजे गाडी रस्त्यावर काढली, की जे सांगितलं ते सगळं पटतं. पाचव्यातला आवाज चढला. खंबाटकीच्या चढावर जिथे मला चौथा टाकावा लागायचा, तिथे गाडी पाचव्यात ओढू लागली. मोठ्या टायरमुळे आलेला जडपणा गेला. मी त्या माणसाला फोन करून मनापासून आभार मानले होते. हे लिहिताना आजही छातीत कळ येते.

पहिले दोन महिने मी लो वापरलाच नाही. मार्च, एप्रिल कोरडे, ओढ्यात पाणी नव्हतं, टू-व्हील ड्राइव्हवर काम भागत होतं. वापरला तेव्हाही आधी काही खटकलं नाही. माझ्या टायरचा व्यास ७३३ मिलिमीटर आहे, मूळ २०५/७० आर १५चा ६६८. म्हणजे टायरने दहा टक्के गिअरिंग खाल्लं होतं. २.२६८ वरून २.५११ वर आल्याने अकरा टक्के परत मिळालं. गाडी लोमध्ये जशी मूळ टायरवर चालायची तशीच चालू लागली. आधीपेक्षा बरी होती, म्हणून मी मनाची समजूत घालत राहिलो. ४.१६ म्हणजे ८३ टक्क्यांचा फरक पडायला हवा होता, आणि तो जाणवला की नाही याचा विचार करावा लागत असेल तर तो पडलेलाच नसतो.

जूनच्या पहिल्या पावसानंतर आम्ही चौघे त्या ओढ्यावर गेलो. एका मित्राच्या गाडीत खरा ४.१६ आहे, त्याने स्वतः सेट मागवून बसवलेला. तो उतरला तेव्हा गाडीशेजारून त्याचा लहान मुलगा चालत होता आणि मुलगा पुढे जाऊन थांबत होता. मित्राचे दोन्ही पाय पेडलवरून काढून खाली सपाट ठेवलेले. मग मी उतरलो. फोर-लो, पहिला गिअर, पाय काढून घेतले. गाडीने वेग घेतला, मला ब्रेक लावावा लागला आणि मागचं चाक आडवं सरकून बांधाच्या दगडावर आपटलं. मागचा डावा शॉक अब्सॉर्बर वाकला. कोणाला लागलं नाही. मुलगा पलीकडच्या काठावर होता म्हणून.

मित्र खाली वाकून म्हणाला, ‘अरे, तुझा लो लागलाय का नक्की?’ लिव्हर बघितला. लागलेला होता.

त्या रविवारी गॅरेजमध्ये आम्ही मोजणी केली. सगळ्यांनी लक्ष देऊन वाचावं असा हाच भाग आहे. पुढच्या चाकांना ओंडके लावले, पुढचे हब फ्री केले (म्हणजे पुढची चाकं शाफ्टपासून सोडवली), मागची दोन्ही चाकं उचलून स्टँडवर घेतली, हँडब्रेक सोडला. गिअरबॉक्स न्यूट्रलला, ट्रान्सफर लोमध्ये. छोट्या शाफ्टच्या फ्लँजवर खडूने एक रेघ मारली, मागच्या प्रॉपेलर शाफ्टवर दुसरी. मी पाठीवर झोपून छोटा शाफ्ट दोन्ही हातांनी फिरवू लागलो. काका मागच्या शाफ्टची रेघ बघत मोठ्याने मोजत होते, मी माझे फेरे मनात मोजत होतो. त्यांचे दहा झाले तेव्हा माझे ४१, ४२ व्हायला हवे होते. काका ‘दहा’ म्हणाले तेव्हा मी पंचविसावर होतो.

मी म्हणालो, परत मोजू. परत पंचवीस. काकांनी तिसऱ्यांदा स्वतः खाली जाऊन फिरवला. पंचवीस, आणि खडूची रेघ जरा पुढे. काका बाहेर आले, हात पुसत म्हणाले, ‘ही चारशेदहाची आहे. मला चढवतानाच लिव्हर ओळखीचा लागला होता.’ त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. ते त्या दिवशी एक तास मागत होते, तो मी दिला नाही, हे माझं मला टोचलं.

झाकण काढलं. आतलं ऑइल काळपट आणि त्यात चंदेरी चुरा, बोटांवर चोळला तर करकरत होता. लो गिअरच्या दातांच्या कडा पेपरमिंट चघळल्यासारख्या गोल झालेल्या. एका बेअरिंगची रिंग तापून निळी पडलेली. केसवर जिथे नंबर ओतलेला असतो तो भाग ग्राइंडरने घासून वरून सिल्व्हर मारलेला होता. फ्लँज मात्र माझ्या शाफ्टला जुळणारे लावून दिलेले, म्हणून सगळं बिनतक्रार बसलं होतं. गिअरचे दात मोजून गुणाकार-भागाकार केला, उत्तर २.५१.

विक्रेत्याला फोटो पाठवले. पहिलं उत्तर आलं, ‘सील तोडलंत, आता आम्ही काय करणार.’ दुसरं, ‘गिअर तुम्हीच बदलले असतील.’ त्यानंतर नंबर ब्लॉक. बोल्टवरचे ते पिवळे टिपके कशासाठी होते ते मला तेव्हा उमगलं. वॉरंटी द्यायचीच नव्हती, मला आत बघू द्यायचं नव्हतं.

पोलीस चौकीत ‘व्यवहाराचा वाद आहे’ म्हणून अर्ज ठेवून घेतला. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली, विक्रेत्याने उत्तर दिलं नाही. मग वकिलांच्या सल्ल्याने नोटीस पाठवून जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. २०१९च्या कायद्याने तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, विक्रेता कुठेही असो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. घटनेपासून दोन वर्षांच्या आत करायची. माझी अडचण बिलाची. त्याने पावती दिली होती, पण तिच्यावर फक्त ‘जुना ट्रान्सफर असेंब्ली १ नग’ एवढंच लिहिलंय, ४.१६ कुठेच नाही. माझ्या हाती आहे तो व्हॉट्सअ‍ॅपवरचा एकच मेसेज, ‘लो ४.१६ गॅरंटी’. मी तो डिलीट केला नाही, हे नशीब. तुम्ही घेत असाल तर हाय आणि लो दोन्ही रेशो पावतीवर लिहून घ्या. लिहून द्यायला कुरकुर केली की तिथेच उठा. आणि व्हिडिओ मागायचा तो लोमधला: दोन्ही फ्लँजवर खडूची खूण, इनपुटचे फेरे मोजत, मध्ये कट न करता. केस समोर असेल तर स्वतः मोजा. बाकावर ठेवलेल्या केसला त्यासाठी स्टँडही लागत नाही, दोन माणसं आणि पाच मिनिटं पुरतात. नवीन गिअर आहेत म्हणत असेल तर झाकण उघडून दाखवायला त्याची हरकत का असावी?

माझ्या गाडीत आता जुनी मूळ केस परत चढली आहे, २.२६८ची. पावसाळाभर त्या ओढ्यात मी उतरलो नाही, गाडी अलीकडे लावून पायी गेलो.

ती फसवी केस गॅरेजच्या मागच्या फळीवर आहे. निकाल लागेपर्यंत तिला हात लावायचा नाही, असं वकिलांनी सांगितलंय. मध्यंतरी एक मुलगा गॅरेजमध्ये येऊन ‘काका, ही फोर-सिक्स्टीन आहे का? द्यायचीये का?’ विचारून गेला. सिल्व्हर रंग बघून त्याला वाटलं असणार. त्याच संध्याकाळी काकांनी केसचा फोटो काढून घेतला, लाल पेंटचा डबा आणला आणि झाकणावर बोटभर जाडीच्या अक्षरात लिहिलं: ४१०, लो २.५१.