चिंगीचं अंथरूण : पिंजरा की गोधडी?

चिंगी, आमचं कुत्र्याचं पिल्लू, आमच्या पलंगावर झोपायची, आणि तीही आडवी. तिला खाली उतरवण्यासाठी मी दोन्ही मार्ग करून पाहिले : आधी तारेचा पिंजरा, म्हणजे क्रेट, आणि नंतर पलंगाशेजारी गोधडी.

पिंजऱ्याची बाजू खरंच भक्कम आहे. पिल्लू आपण झोपतो ती जागा सहसा घाण करत नाही, त्यामुळे शी-शूची शिस्त लवकर लागते. मात्र आत उभं राहून वळता येईल एवढीच जागा हवी. जास्त झाली की एका कोपऱ्यात शेज आणि दुसऱ्यात मोरी. आम्ही ३६ इंची आणून मध्ये आडवी जाळी लावली. दिवसा दार उघडं ठेवायचं, जेवण आतच, अधूनमधून उकडलेल्या चिकनचा तुकडा. पाचव्या रात्री ती आपण होऊन आत गेली. (लहान पिल्लू रात्रीत शूसाठी उठतंच, ते रडणं हट्ट समजू नका.)

मग गणपतीला चिपळूणला गेलो. पिंजरा घडीचा, पण सहा माणसांचं सामान भरल्यावर गाडीत मावेना. पहिल्याच रात्री चिंगी ओसरीवरून माजघरात आणि तिथून थेट आत्याच्या उशाशी. आत्याचं सोवळं कडक! ती काही बोलली नाही, पहाटे चादरी स्वतः धुवायला घेतल्या, हे जास्त लागलं. उरलेले चार दिवस मी चिंगीला धरून ओसरीवर सतरंजीवर झोपलो. पुण्याला परतल्यावर मात्र ती मुकाट्याने पिंजऱ्यात गेली, आणि तेच मला खटकलं. आपल्या जागी झोपायचं हे तिला कळलंच नव्हतं. कडी लागते, एवढंच कळलं होतं.

म्हणून गोधडी. आईच्या जुन्या सुती लुगड्यांची. शब्द एकच, ‘जागेवर’. पलंगावर चढली की न रागावता खाली आणायचं, गोधडीवर टेकली की खाऊ. सुरुवातीला गोधडी पलंगाला चिकटून, मग दर दोन दिवसांनी हातभर लांब. यात झोपमोड जास्त, हे कबूल. पहिल्या रात्री सात वेळा उठलो. शेवटी बायकोने विचारलं, शिकवणी नेमकी कोणाची चाललीय? पंधरवडा गेला. त्यात एकदा ‘जाऊ दे आज’ म्हणून वर घेतलं, तर पुढच्या तीन रात्री कुंईकुंई दुपटीने.

फोमच्या गादीचा विचार असेल तर पावसाळा आठवा. ती वाळत नाही, आणि शिवणीत गोचिडांना आयती जागा मिळते. गोधडी गरम पाण्यातून काढून गच्चीवर उन्हात टाकली की झालं.

तुमचं पिल्लू वायरी कुरतडणारं असेल, किंवा ऑपरेशननंतर डॉक्टरांनी हालचाल बंद ठेवायला सांगितली, तर पिंजऱ्याची सवय कामाला येते. तिला मी नावं ठेवणार नाही. प्रत्येक कुत्र्याचा स्वभाव वेगळा, माझा अनुभव एका चिंगीचा. पण पुढच्या गणपतीला गोधडी गाडीत पायाशी मावली, ओसरीवर अंथरली आणि ‘जागेवर’ म्हटल्यावर चिंगी तीन गिरक्या घेऊन मुटकुळं करून झोपली. रात्री आत्या दोनदा कंदील घेऊन बघून गेली म्हणे.

पिंजरा माळ्यावर आहे. कुणाला हवा असेल तर जाळीसकट घेऊन जा.