राणी घातलीच नव्हती: मधपेट्यांत माझे १,०६,१०० रुपये कसे गेले

आकडा आधीच सांगून टाकते. दहा मधपेट्यांचे ७,५०० प्रमाणे ७५,०००. दोन दिवसांच्या 'प्रशिक्षणा'चे ३,५००. मधयंत्र, धुराडं, जाळीची टोपी, हातमोजे यांचे ११,८००. करार आणि नोंदणी २,०००. टेम्पो ४,२००. अनुदानाची फाईल 'पुढे सरकवायला' ६,०००. आणि हे सगळं होऊन गेल्यावर, अक्कल यायला हवी होती तेव्हा, तीन राणीमाश्यांचे ३,६००. एकूण १,०६,१००. पावती फक्त ७५,००० ची आहे आणि तिच्यावर 'कृषी साहित्य' एवढंच लिहिलंय.

मी शाळेत एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. मधमाशीचं जीवनचक्र मी फळ्यावर इतक्यांदा काढलंय की डोळे मिटून काढेन. अंड्यापासून राणी तयार होते सोळा दिवसांत, कामकरी एकवीस, नर चोवीस. हे मुद्दाम सांगतेय, कारण पोलीस स्टेशनपासून सोसायटीच्या जिन्यापर्यंत प्रत्येकाने मला ऐकवलंय, "तुम्ही एवढ्या शिकलेल्या आणि तुम्ही फसलात?" हो. शिकलेली होते म्हणूनच फसले. कसं ते पुढे येईलच.

निवृत्तीनंतर, पुण्याजवळ पानशेत रस्त्याला आमची अकरा गुंठे जागा आहे तिथे काहीतरी करायचं मनात होतं. ह्यांचं म्हणणं, शेवगा लावू आणि गप्प बसू. मला माश्या पाळायच्या होत्या. हौसेने, दोन-चार पेट्या, औषधं न मारता, घरापुरता मध. ऑक्टोबर २०२४ मध्ये कर्वे रस्त्यावरच्या एका हॉलमध्ये मधमाशीपालनाचं मोफत चर्चासत्र आहे असं कळलं. गेले. साठेक माणसं होती, बहुतेक माझ्याच वयाची, म्हणजे ज्यांच्या खात्यात फंडाचे पैसे नुकतेच पडलेत अशी.

चर्चासत्र घेणारा माणूस बोलायला फार गोड. पहिला अर्धा तास त्याने खरंच सांगितलं. २०२० च्या डिसेंबरमध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने तेरा ब्रँडचा मध तपासला आणि सगळ्या चाचण्यांत तीनच टिकले, हे खरं आहे. भेसळीला साखरेचे पाक वापरतात, हेही खरं. मग त्याने ग्लासभर पाण्यात मधाचा थेंब सोडला, तो तळाशी बसला, 'बघा शुद्ध'. कापसाची वात मधात बुडवून पेटवली, 'बघा शुद्ध'. लोकांनी टाळ्या वाजवल्या. घट्ट पाकाचा थेंबही असाच तळाशी बसतो. मीही टाळ्या वाजवल्या. (जाता जाता: मध थंडीत साखरेसारखा गोठला की तो भेसळीचा, असं समजून फेकून देणारे अजून आहेत. मध गोठतोच. कोमट पाण्यात बरणी ठेवा.)

योजना तुम्हाला पाठ असेल. पेट्या आमच्याकडून घ्या, मध आम्ही ३५० रुपये किलोने परत घेतो, पेटीला वर्षाला चाळीस किलो, दहा पेट्यांचे १,४०,०००. वर्षात पैसे वसूल. माश्या आपल्याच, गावरान, सातेरी.

आता इथे माझ्या डोक्यात घंटा वाजायला हवी होती. सातेरीची वसाहत, म्हणजे एका पेटीतलं माश्यांचं कुटुंब, चांगल्या जागी, चांगल्या वर्षी पाच ते दहा किलो देते. चाळीस हा आकडा मेलिफेराचा, म्हणजे परदेशी जातीच्या मधमाशीचा, तोही पेट्या ट्रकमध्ये घालून फुलोऱ्यामागे हिंडणाऱ्यांचा. पण तेव्हा मला हे माहीत नव्हतं. पुस्तकात जीवनचक्र असतं, किलो नसतात.

खरी घंटा वाजली ती पुढच्या रविवारी, आणि ती मी ऐकली होती. तेच मला झोपू देत नाही.

पौडच्या पुढे त्याचं 'प्रात्यक्षिक केंद्र' होतं. पंधरा पेट्या, मागे जांभळाची झाडं, चहा-पोह्यांची सोय. त्याने पेटीचं झाकण काढलं, धूर दिला, पोळं बांधलेली एक लाकडी चौकट उचलली. माश्या होत्या भरपूर. चौकट उन्हात धरली तर घरांत मध चकाकत होता. चकाकत होता, म्हणजे घरं उघडी होती. पिकलेल्या मधावर माश्या मेणाचं झाकण घालतात, हे मी मुलांना शिकवलंय. झाकण एकाही घरावर नव्हतं. त्याने चमच्याने खरवडून सगळ्यांना चाखायला दिलं.

तो पाक होता. एकतारी पाक. आमच्याकडे दिवाळीच्या चिरोट्यांचा पाक लग्न झाल्यापासून मीच करते, नणंदांनाही जमत नाही, मलाच हाक मारतात. जिभेवर पडल्या पडल्या कळलं. ना फुलाचा वास, ना घशात तो किंचित खवखवणारा तिखटपणा. नुसती साखर आणि पाणी. पेटीच्या आत ठेवलेली पाकाची वाटीसुद्धा मला दिसली होती. खाद्य कमी असतं तेव्हा माश्यांना पाक देतात, ते चूक नाही, पण तो पाक मध म्हणून चमच्याने माणसांना देतात का?

मी बोलले का? नाही. माझ्या शेजारचे एक गृहस्थ डोळे मिटून म्हणाले, "अहाहा, लहानपणीची चव!" बाकीचे माना डोलावत होते. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई, कसा वाटला?" आणि मी म्हणाले, "छान." कोणीतरी फोटोही काढला. चारचौघांत शंका काढून हसं होईल, एवढ्या भीतीपायी मी लाखाला मुकले. वर्गात मी मुलांना ओरडायचे, शंका असेल तर हात वर करा म्हणून.

पेट्या नोव्हेंबरमध्ये आल्या, रात्री अकरा वाजता. रात्री आणणं बरोबरच आहे, अंधारात माश्या पेटीत असतात. म्हणून त्याबद्दल मला दोष देऊ नका. पण पेटी दिवसा उघडून, आत बघून, मगच उरलेले पैसे द्यायचे असतात. सगळे आधी देऊ नका. मी ड्रायव्हरच्या फोनवरून त्याच्याशी बोलून, बॅटरीच्या उजेडात यूपीआयने शेवटचे २५,००० पाठवले.

आणि तो म्हणाला, "ताई, आता एकवीस दिवस पेटी उघडायची नाही. नवी जागा आहे, सातेरी बुजरी असते, पळून जाईल." सातेरी पळून जाते, हे खरं आहे. आणि एकवीस! कामकरी माशीचे दिवस! हा आकडा ऐकून मला उलट भरवसा वाटला, की माणूस शास्त्र जाणून आहे. ते एकवीस दिवस त्याला माझे पैसे पचवायला हवे होते.

डिसेंबरात उघडलं. माश्या मूठभर. बहुतेक घरांत अंडी नाहीत, आणि अंडी घालायचं काम राणीचं. अंडं तांदळाच्या बारीक कणीसारखं घराच्या तळाशी उभं असतं, सूर्याकडे पाठ करून चौकट तिरकी धरली की दिसतं. दोन पेट्यांत दिसलं. बाकी सातांत काही नाही, आणि उरलेल्या एकीत तर एकेका घरात तीन-तीन, चार-चार, वेडीवाकडी. राणी नसली की कामकरी माश्याच अंडी घालू लागतात, त्यांतून फक्त नर निघतात. हेही मला माहीत होतं, परीक्षेला विचारत नाहीत म्हणून शिकवायचे नाही एवढंच.

फोन केला. "ताई, राणी लाजरी असते, दिसत नाही." पुन्हा केला. "मॅडम, तुमच्याकडे मेली असेल, बदली राणी पाठवतो, १,२०० एक." आणि मी पाठवले ३,६००. का, ते मला आजही सांगता येत नाही. लाख गेलेत तर तीन हजारांनी वाचतील, असंच काहीतरी असेल. तीन काडेपेट्या आल्या. पहिली उघडली, आत जाडसर, काळा, मोठ्या डोळ्यांचा, नांगी नसलेला प्राणी. नर. दुसरीत नर. तिसरीत मेलेला नर. त्यानंतर मी 'मॅडम'चीही 'ओ बाई' झाले. एकतीस वर्षं मुलं मला बाई म्हणाली, त्या शब्दाचा इतका घाण उच्चार मी कधी ऐकला नव्हता.

जानेवारीत ओळखीतून महाबळेश्वरकडचे एक मधपाळ येऊन बघून गेले. पाच मिनिटांत त्यांनी सगळ्या पेट्या पाहिल्या आणि म्हणाले, "बाई, राणी मेली न्हाई. घातलीच न्हाई." एका वसाहतीच्या चार-पाच पेट्या केल्या होत्या, प्रत्येकीत दोन चौकटी आणि ओंजळभर माश्या. कोवळ्या अळ्या असत्या तर माश्यांनी स्वतःच नवी राणी वाढवली असती, म्हणून चौकटीही अंडी-अळ्या नसलेल्याच निवडलेल्या. कामकरी माशी हंगामात जगते सहा आठवडे. पेटी आपोआप रिकामी होणार, आणि करारात कलम आहेच: 'वसाहतीच्या निगेची जबाबदारी खरेदीदाराची'. फेब्रुवारीत मेणकिड्याने पोळ्यांची जाळी केली. राणी असलेल्या त्या दोन पेट्यांतल्या माश्या एका दुपारी उठून गेल्या. त्यांना तरी मी दोष देत नाही.

माझ्यामुळे माझ्या नणंदेने पाच पेट्या घेतल्या, ३७,५०० च्या. ओळख दिल्याबद्दल पेटीमागे ५०० प्रमाणे माझ्या खात्यात २,५०० जमा झाले होते. हो, घेतले. नंतर तिला परत दिले, पण दोन महिन्यांनी, आणि तिने विचारल्यावर. ती अजून बोलत नाही.

मार्चमध्ये पोलीस स्टेशन. तासाभराने हवालदार म्हणाले, "पेट्या दिल्या ना त्याने? मग हे दिवाणी स्वरूपाचं आहे." मी म्हणाले, राणी नाही दिली. ते शेजारच्या टेबलाकडे वळून म्हणाले, "ऐकलं का, ह्यांची राणी हरवलीय." सगळे हसले. मग हद्दीचा प्रश्न. चर्चासत्र शहरात, केंद्र पौडकडे, माझी जागा पानशेत रस्त्याला, मी राहते धायरीला. चार ठिकाणी मला पाचवं ठिकाण सांगितलं. पैसे यूपीआयने गेलेत म्हणून सायबरकडे जा. सायबरवाले म्हणाले, तुम्ही माणसाला भेटून, ओळखून दिलेत, हा सायबर कसा होईल? एक साहेब जरा बरे होते, त्यांनी सांगितलं की फसवणुकीचं कलम चारशेवीस आता तीनशे अठरा झालंय. धन्यवाद, पण तेवढं नोंदवून घ्याल का? "अर्ज ठेवून जा."

शेतीच्या कार्यालयात गेले. ते म्हणाले, मधमाशी आमच्याकडे नाही. ज्यांच्याकडे आहे असं सांगितलं, ते म्हणाले, तो माणूस आमच्या यादीत नाही, म्हणून आम्ही काही करू शकत नाही. अहो, यादीत नाही म्हणूनच तर तक्रार आहे! अनुदानाची फाईल? अशी कुठली फाईलच नाही. एका बाईंनी माझा अर्ज तीनदा परत दिला: एकदा मार्जिन नाही, एकदा आधारची प्रत नाही, एकदा 'विषय' खालच्या ओळीत हवा. विषय! मी फेरपरीक्षेला बसलेल्या नापास मुलीसारखी त्या बाकावर बसून विषय खाली लिहिला. जेवणाच्या सुट्टीनंतर या म्हणाल्या. सुट्टी साडेतीनला संपली.

लेखी तक्रार द्या आणि प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या, तोंडी बोलून घरी येऊ नका. पोलीस स्टेशन घेत नसेल तर तीच रजिस्टर पोस्टाने वरिष्ठांना पाठवा. पैसे ऑनलाइन गेले असतील आणि ताजं असेल तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, माझ्यासारखं चार महिन्यांनी नाही. मी शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे शुल्क नाही आणि वकील लागतोच असं नाही, पण दोन वर्षांच्या आत करावी लागते. तीन तारखा झाल्या. तो एकदाही आलेला नाही.

आणि शिकायचंच असेल तर गणेशखिंड रस्त्यावर केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, १९६२ पासून. कॉलेजला असताना मी त्या रस्त्याने रोज बसने जायचे. तिथे आधी जाऊन विचारावंसं मला का वाटलं नाही? मोफत चर्चासत्रात चहा-पोहे होते म्हणून. आधी दोनच पेट्या घ्या, दहा नाही. 'मध परत घेऊ' म्हणणाऱ्याला विचारा, मागच्या वर्षी कोणाकडून किती घेतला, आणि त्या माणसाच्या घरी जाऊन या. असल्या लोकांच्या ग्रुपवर पडणारे, पैसे मिळाल्याचे स्क्रीनशॉट म्हणजे पुरावा नाही. आणि मधयंत्र आधी विकणाऱ्याला तर दारातूनच परत पाठवा. माझं अजून खोक्यात आहे, मध काढायची वेळच आली नाही.

गेल्या आठवड्यात माझ्या एका विद्यार्थ्याने फोनवर जाहिरात पाठवली. वर लिहिलं होतं, "बाई, ह्या तुम्हीच ना?" नवीन बॅच, नवीन नाव, पेटी आता ८,५०० ला. खाली 'समाधानी मधपाळ' म्हणून फोटो. पौडच्या त्या रविवारचा. माझ्या तोंडात चमचा आहे आणि मी हसतेय.