एक्सआरएफ गन: काही महिने वापरल्यानंतर

येणाऱ्या धातूच्या मालाची ग्रेड तपासायला हातातली एक्सआरएफ गन (क्ष-किरणांनी धातूतली मूलद्रव्यं ओळखणारं यंत्र) गेले काही महिने रोज वापरतोय. त्याआधी लोहचुंबक, ग्राइंडरची ठिणगी आणि सोबत आलेलं सर्टिफिकेट, एवढ्यावरच भागायचं. ३०४ आणि ३१६ या स्टेनलेस स्टीलच्या ग्रेड वेगळ्या ओळखताना चुंबकाचं काही चालत नाही. गन मात्र काही सेकंदांत मॉलिब्डेनम दाखवते. ३१६ मध्ये तो २ ते ३ टक्के असतो, ३०४ मध्ये असलाच तर नावापुरता. एवढ्या एका कामासाठीही ती मला पटली.

आत छोटी क्ष-किरण नळी असते. तिचे फोटॉन अणूच्या आतल्या कक्षेतला इलेक्ट्रॉन उडवतात, वरचा त्याच्या जागी उतरतो आणि फरकाची ऊर्जा नव्या क्ष-किरणातून बाहेर पडते. ती प्रत्येक मूलद्रव्याची ठरलेली: लोह ६.४० किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट, निकेल ७.४७, तांबं ८.०५. या ऊर्जेचा अणुक्रमांकाशी असलेला संबंध भौतिकशास्त्रज्ञ मोझ्लीने १९१३ मध्येच दाखवला होता.

पण स्क्रीनवर मोठ्या अक्षरात येणारं ग्रेडचं नाव हे मोजमाप नव्हे. गन मूलद्रव्यं मोजते आणि आपल्या लायब्ररीतली सगळ्यात जवळची ग्रेड सुचवते. मी आता आधी टक्केवारी बघतो, शंका आली तर स्पेक्ट्रम, म्हणजे कोणत्या ऊर्जेचे किती किरण आले त्याचा आलेख, उघडतो. शिसं आणि आर्सेनिक यांचंच बघा. शिशाचा एल-अल्फा नावाचा किरण १०.५५ वर, आर्सेनिकचा के-अल्फा नावाचा १०.५४ वर, डिटेक्टरला हे दोन वेगळे दिसणं शक्यच नाही. शिशाचा १२.६ जवळचा दुसरा पीक आहे का, हे पाहिल्याशिवाय आर्सेनिकच्या आकड्यावर मी विश्वास ठेवत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे, गनला दिसतो तो फक्त पृष्ठभाग. गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावर धरली तर जस्त भरमसाट दाखवते, निकेल-क्रोम प्लेटिंगवर धरली तर साधं पोलाद भलत्याच मिश्रधातूसारखं दिसतं. त्यात तिचा दोष नाही, कानस मारून आतला धातू उघडा करायला हवा. अॅल्युमिनियम घासायला मात्र सिलिकॉन कार्बाइडचा कागद नको. त्याचे कण मऊ धातूत रुततात आणि सिलिकॉनचा आकडा फुगतो.

अॅल्युमिनियमच्या बाबतीत एकूणच धीर लागतो. मॅग्नेशियमचा किरण जेमतेम १.२५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा, थोड्याशा हवेतही बराचसा शोषला जातो. गन धातूला नीट टेकवून जास्त वेळ धरावी लागते. ६०६१ आणि ६०६३ हे अॅल्युमिनियमचे मिश्रधातू वेगळे करताना मी आधी तांबं बघतो: पहिल्यात ०.१५ ते ०.४० टक्के, दुसऱ्यात जास्तीत जास्त ०.१०. तांब्याचा आकडा चटकन स्थिरावतो, मॅग्नेशियमचा रेंगाळतो.

कार्बन तर दिसतच नाही. म्हणजे ३०४ आणि ३०४एल (कमी कार्बनची ३०४) यांतला फरक ही गन कधीच सांगणार नाही, कितीही महागडी घेतली तरी. तुमचं काम मुख्यतः कार्बन स्टीलचं असेल तर हा खर्च करू नका, स्पार्क स्पेक्ट्रोमीटर (ठिणगीच्या प्रकाशावरून मूलद्रव्यं मोजणारं यंत्र) बघा.

वापरताना नमुना कधीही हातात धरायचा नाही. बारीक तुकडे स्टँडमध्ये ठेवूनच तपासावेत. आणि समोरच्या पातळ खिडकीला जपा. कातकामाचा टोकदार चुरा तिथे घुसला तर मागचा डिटेक्टरही धोक्यात येतो, आणि या यंत्रातला सगळ्यात नाजूक भाग तोच.