गडद काचेच्या बाटल्या: जुन्या औषधाच्या की प्रिन्सेस स्ट्रीटच्या नव्या?

माक्याचं तेल घरी काढणाऱ्या मावशींचा प्रश्न: खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या वापरू, की मुंबईच्या प्रिन्सेस स्ट्रीटच्या बाजारातून नव्या आणू?

प्रकाश अडवण्यात दोन्ही सारख्याच. तपकिरी काच अतिनील आणि निळा प्रकाश बराचसा अडवते, तेल लवकर खवट होत नाही. फक्त जुनी बाटली उचलून पाहा, हल्ली पुष्कळ औषधं तपकिरी प्लास्टिकमध्ये येतात. प्लास्टिकची बाटली नकोच.

खर्चात जुनी फुकट, पण मेहनत बरीच. लेबल कोमट पाण्यात भिजवून निघतं, डिंक खोबरेल चोळून. मग थंड पाण्यात बुडवून हळूहळू तापवायची आणि दहा मिनिटं उकळायची. एकदम उकळत्या पाण्यात टाकलीत तर तडकेल. खरी अडचण झाकणाची. आतल्या चकतीत औषधाचा वास मुरतो, तो धुऊन जात नाही. आणि पावसाळ्यात मुंबईच्या दमट हवेत अरुंद तोंडाची बाटली आतून वाळता वाळत नाही. तळाशी थेंबभर पाणी राहिलं तरी तेल बिघडतं.

प्रिन्सेस स्ट्रीटला नवी बाटली झाकणासकट मिळते. डझनाने घेतली तर बरी पडते, एकदोन बाटल्यांसाठी मरीन लाइन्सपर्यंतचा हेलपाटा परवडत नाही. धुवावी तीही लागतेच.

घरापुरतं, महिनाभरात संपणारं तेल असेल तर जुनी बाटली, झाकण मात्र नवं. वास टिकवायचा अर्क, गुलाबपाणी किंवा कुणाला द्यायचं तेल असेल तर नवीच घ्या, मावशी.