नाशिकमध्ये अर्ध्या दिवसासाठी खासगी गाईड: पैसे कुठे वसूल होतात

पांडवलेणीला गाईड घ्याच. चोवीस लेणी आहेत, पण वेळ द्यावा तो तीन, दहा आणि अठरा नंबरला. तीनमध्ये गौतमी बलश्रीचा, म्हणजे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईचा, शिलालेख आहे. दहामध्ये शक राजा नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत आणि अठरा हे चैत्यगृह, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृह. ठरवण्याआधी फोनवर विचारा, "तीन नंबरच्या लेण्यात कोणाचा लेख आहे?" उत्तर "पांडव इथे राहिले" असं आलं, तर दुसरा माणूस शोधा. चढ पायऱ्यांचा आहे, त्यामुळे सकाळीच जा.

पंचवटीत मात्र गाईड ऐच्छिक. रामकुंड, सीतागुंफा, काळाराम सगळं पायी होतं. गल्ल्यांत गाडी अडकतेच. काळारामला दलितांच्या मंदिरप्रवेशासाठी झालेल्या १९३०च्या सत्याग्रहाबद्दल न बोलणारा गाईड अर्धवटच समजावा.

त्र्यंबकेश्वर त्याच अर्ध्या दिवसात कोंबू नका, दर्शनाच्या रांगेतच वेळ जातो. दर ठरवताना गाडी, पार्किंग, तिकिटं आणि जास्तीचा तास धरलाय का, हे व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या. "वाटेत पैठणीचं दुकान" किंवा "ओळखीचे गुरुजी" निघाले की कमिशन आलंच; तेही आधीच नको म्हणून सांगा.